मशीन गप्प झाली तेव्हा

रविवार, दि. १२, दुपारी

प्रिय ताई,

तुला प्रभूमध्ये सलाम. आम्ही सगळे ठीक आहोत, तूही ठीक असशील. नर्सिंगचे पेपर कसे गेले? हॉस्टेलच्या जेवणाला नावं ठेवत उपाशी राहू नकोस, असं आईने लिहायला सांगितलंय.

माझं लाँड्रीतलं काम चाललंय. दवाखान्यांच्या चादरी येतात, नुसता डोंगर. ओली चादर किती जड असते ते उचलल्याशिवाय कळत नाही गं. घरी येईपर्यंत खांदे गळून जातात, चपला काढायचंही जिवावर येतं. आज चर्चमध्ये उपदेश चालू असताना मला डुलकी लागली, तर आईने चिमटा काढला. प्रभू समजून घेतो, आई नाही.

मागच्या वेळी फोनवर तू विचारलंस, "शाळा का सोडलीस?" मी म्हटलं, मन लागत नव्हतं. मग तू विचारलंस, "पप्पा अजून रागावलेत का? फोनवर का येत नाहीत?" आणि मी फोन आईकडे देऊन टाकला. त्याचं पुढे लिहिते. आधी एक गंमत.

आमच्याकडे कपडे सुकवायची मोठी मशीन आहे. ती चालू झाली की शेजारणीशीही ओरडून बोलावं लागतं. मला ती जागा फार आवडते, कारण तिथे मी मोठ्याने प्रार्थना करते. हो, मी! चर्चमध्ये पाळकसाहेबांनी "आज कोण प्रार्थना करेल?" विचारलं की चपलेचा पट्टा नीट करत बसते, तीच मी. पण तिथे कुणाला ऐकू जात नाही ना. चादरी आत टाकता टाकता प्रभूला सगळं सांगते. कधी भांडतेसुद्धा. मनातल्या मनात केली तर माझी प्रार्थना मधेच झोपून जाते.

परवा अशीच माझी प्रार्थना जोरात चालली होती आणि लाइट गेली. मशीन गप्प. आणि सगळ्या खोलीत माझा एकटीचा आवाज, "प्रभू, मी दमले रे! पप्पांना बोलू दे ना, एक शब्द तरी!"

सगळ्या बायका वळून बघायला लागल्या. वाटलं, चादरींच्या ढिगात शिरावं आणि वरून कुणीतरी आणखी चादरी टाकाव्यात.

इस्त्री करणाऱ्या मावशी आपल्या चर्चच्या नाहीत, कुठल्याच चर्चच्या नाहीत. त्यांनी इस्त्री उभी ठेवली. "अगं, अर्धवट का सोडलंस? शेवटी ते आमेन म्हणतात ना तुमच्यात?"

मी नुसती मान हलवली.

"मग आमेन," मावशी म्हणाल्या.

घड्या घालणाऱ्या वहिनी म्हणाल्या, "माझंही आमेन. आणि जाता जाता माझ्या सासूचं तोंड जरा कमी चालू दे म्हणून सांग. तिचे उरलेले शब्द तुझ्या पप्पांना दे म्हणावं. पुरून उरतील!"

सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि मग रडूच आवरेना. मावशींनी तोंड पुसायला हाताला लागली ती चादर दिली. धुतलेली! परत धुवावी लागली.

ताई, आता लिहिते. पप्पा रागावलेले नाहीत. इतक्या लांब शिकायला जाऊ नकोस म्हणून ते भांडले आणि तू तशीच निघून गेलीस, त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांना लकव्याचा झटका आला. उजवा हात हलत नाही. सुतारकाम बंद आहे. आणि बोलता येत नाही. डॉक्टर म्हणतात, येईल किंवा नाहीही येणार. आईने मला बजावलं, "तिला कळलं तर शिक्षण टाकून पळत येईल. एकीची शाळा सुटली तेवढी पुरे." गप्प बसणं मला जमतंच. पण तुझा फोन ठेवला की पप्पा त्या फोनकडे बघत राहतात. ते बघवत नाही.

तेव्हापासून घरात जेवणाआधीची प्रार्थना कुणी मोठ्याने केली नव्हती. ती पप्पांची होती ना. परवा लाँड्रीतून घरी आले, ताटं वाढलेली होती, आणि मला काय झालं कुणास ठाऊक, मीच सुरू केली. इथे मशीनही नव्हती. तुझे पेपर, आईची कंबर, मावशी, वहिनींची सासू, सगळं सांगत सुटले.

आणि ताटावर टक टक.

आठवतं? पाळकसाहेब जेवायला आले आणि त्यांची प्रार्थना लांबली, की पप्पा डोळे मिटूनच ताटावर टिचकी मारायचे. गार होतंय म्हणून! मी हळूच बघितलं. डोळे मिटलेले, डावा हात ताटावर, आणि ओठांची एक बाजू हसत होती.

मी पटकन आमेन म्हटलं. आई पदर तोंडाला लावून आत गेली.

शब्द काही आला नाही, ताई. मी तर शब्दच मागितला होता. पण पप्पा आहेत आत, आख्खेच्या आख्खे. दुसऱ्या दिवशी ओल्या चादरी तेवढ्याच जड होत्या, पण मी उचलल्या.

आई मला ओरडेल. ओरडू दे. तू शिक्षण सोडू नकोस, पण जेवायच्या वेळी फोन कर. मी त्यांच्या कानाला धरीन. प्रार्थना तू कर. आणि मुद्दाम लांबव.

पप्पा पुन्हा हाक मारेपर्यंत त्यांनी ठेवलेलं नाव आपलं आपणच लिहिणारी,
तुझी मुकी