शोभेचं पाणी

रविवार, २ एप्रिल २०१७

पुढच्या रविवारच्या सभेसाठी मसुदा. सुरुवात अशी: "सभासद हो, तुमची-आमची मुलं-नातवंडं ज्या तलावात पोहतात, तो कागदोपत्री अस्तित्वातच नाही. त्यात कुणी बुडालं, तर तेही कागदोपत्री बुडणार नाही."

हे राहू दे. कोथरूडमधल्या आमच्यासारख्या सोसायटीला असंच टोचावं लागतं.

मंगळवारचं डोक्यातून जात नाही. डी विंगमधली रेवा, चौथीतली, खोल बाजूला घसरली आणि पाण्याखाली. काठावर मोठी माणसं बसलेली, सगळ्यांच्या माना मोबाइलमध्ये. माझी थोरली बहीण, ताई, उथळ भागात चालत होती. ती ओरडली म्हणून कुणाचा तरी पाहुणा कपड्यांसकट पाण्यात उतरला. पोरगी वाचली. समितीची बैठक झाली. बैठकीत काय ठरलं, तर पाटी पुन्हा रंगवायची.

पाटी जशीच्या तशी उतरवून ठेवते: "हे शोभेचे पाणी आहे. येथे पोहू नये. पोहल्यास समिती जबाबदार नाही. पोहून झाल्यावर शॉवर बंद करावा."

बिल्डरने नकाशात 'शोभेचा जलाशय' दाखवलाय. पोहण्याचा तलाव म्हटलं की महापालिकेचा परवाना आला, जीवरक्षक आला, पाण्याची तपासणी आली. शोभेला काही लागत नाही.

मसुदा ताईला वाचून दाखवला. "परवाना नाही, तोवर पाणी नाही" इथे तिने थांबवलं. म्हणाली, हे काढ, नुसतं जीवरक्षक हवा म्हण. यांना जे सोपं तेच ऐकू येतं.

मी म्हटलं, त्याला टाळी पडणार नाही.

"मला टाळी नकोय गं, पाणी हवंय."

ठेवलं ते वाक्य.


रविवार, ९ एप्रिल

सभा. बोलले. खूप दिवसांनी आवाज असा लागला. रेवाची आई, शलाका, पहिल्या रांगेत डोळे पुसत होती. "तोवर पाणी नाही" म्हटल्यावर टाळ्या, मागून बाकं वाजली.

अध्यक्ष बाळासाहेब (सोसायटीची जागा मुळात यांचंच शेत) उठून म्हणाले, "मॅडम, इथंच आमची विहीर व्हती. पाठीला डबा बांधून सगळं गाव पवायला शिकलं. लायसन कुणी मागितलं नाय." हशा. मी म्हटलं, विहिरीत किती गेले तेही सांगा. ते खाली बसले, लोक आता त्यांना हसले. तो हशा मी परत मिळवला, त्याचा आनंद झाला. खोटं कशाला लिहू.

ठराव एकमताने. सचिव परांजपे उभ्या-उभ्या लिहून मोकळे: परवाना मिळेपर्यंत तलाव बंद. जीवरक्षकाचं काय, असं मी विचारेपर्यंत चहा आला होता.


सोमवार, १० एप्रिल

सकाळी तलावाच्या फाटकाला कुलूप. इतक्या वर्षांत समितीने एवढ्या तातडीने काही केलेलं आठवत नाही.

ताई टॉवेल खांद्यावर टाकून, काठी टेकत उभी. रागावली नाही. म्हणाली, छान झालं भाषण, सगळे म्हणतायत.

खुब्याचा सांधा बदलल्यापासून डॉक्टरांनी तिला पाण्यातच चालायला सांगितलंय. जमिनीवर काठी, पाण्यात काठीशिवाय. तिने शनिवार पेठेतली जागा विकून इथे बी विंगमध्ये घर घेतलं ते या तलावासाठी. आणि मी जवळ म्हणून. त्या क्रमाने, असं तीच म्हणते.

दोन-तीन आठवड्यांत परवाना येईल म्हटलं. तिने मान हलवली.


मंगळवार, १८ एप्रिल

परांजप्यांना गाठलं. अर्ज केला का? नाही. का नाही? तर अर्ज करायचा म्हणजे तलाव आहे हे मान्य करायचं. मग विचारणार, आजवर विनापरवाना कसा चालवलात?

मग सांगा खरं, म्हटलं.

"अहो मॅडम, आपला ठराव आम्ही तंतोतंत पाळतोय. आपल्यालाच आता तो नको आहे का?"

गृहस्थ अत्यंत नम्र. नम्रपणाला काय उत्तर द्यायचं, हे मी मुलांना वक्तृत्व शिकवताना कधी शिकवलं नाही.


रविवार, ३० एप्रिल

ताई पॅसेजमध्ये फेऱ्या मारते. भिंतीला हात. दुखतं का विचारलं की शेजारणीच्या कुकरच्या शिट्यांबद्दल बोलते.

लांबच्या एका तलावावर रिक्षाने घेऊन गेले होते. पाण्यात उतरायला उभी शिडी. पहिल्या पायरीवर थांबली, माझ्याकडे बघितलं, परत फिरली.

अर्जासाठी काय काय लागतं ते मीच विचारून आले. फार काही नाही. पाणी खुलं असेल तेव्हा काठावर प्रशिक्षित जीवरक्षक. खोली ठळक आकड्यांत रंगवलेली. पाण्याची नियमित तपासणी. दोर, तरंगती रिंग, कुंपण. ज्यांना पोहायची परवानगी द्यायची त्यांना बुडू द्यायचं नाही, एवढाच सगळ्याचा अर्थ. सभेत हे सांगायला हवं होतं. नियम कसे आहेत ते सांगितलंच नाही, परवाना नसल्याचा संताप तेवढा सांगितला.


रविवार, ७ मे

पाणी हिरवं. डास. आज उपसलं. रिकाम्या तलावात पिवळी पानं आणि कुणाचा तरी पोहायचा चष्मा.

ताई गॅलरीतून बघत होती. वॉकर पुन्हा बाहेर काढलाय, माळ्यावर टाकला होता तो.


रविवार, १४ मे

नोटीस लागली. २८ तारखेला विशेष सभा. विषय: तलाव बुजवून चारचाकींसाठी पार्किंग. खाली लिहिलंय, "आपल्या सोसायटीच्या ज्येष्ठ वक्त्या मॅडम यांच्याच शब्दांत: परवाना नाही, तोवर पाणी नाही."

लिफ्टपाशी उभी राहून वाचलं. मागून कुणीतरी म्हणालं, मॅडम, तुमच्यामुळे सुटला एकदाचा गाड्यांचा प्रश्न.


गुरुवार, १८ मे

शलाका आली. तिने माझ्या बाजूने मत द्यावं म्हणून मीच बोलावलं होतं. पोहे पुढे ठेवले, नियम समजावले, जीवरक्षक असला की कसं…

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काकू, मी अजून रात्री उठून तिचा श्वास बघते. मला ते भरलेलंच बघायचंय. सिमेंटनं."

चुकीचं काही बोलत नव्हती. मी म्हटलं, रेवाला पोहता यायला हवं ना, दुसरीकडे कुठे पाणी लागणारच नाही का तिला? शलाका म्हणाली, विचार करते. पोहे तसेच राहिले.


मंगळवार, २३ मे

बाळासाहेब फाटकाशी भेटले. रिकाम्या तलावाकडे बघत होते. मी विचारलं, विहिरीवर मुलं पोहायची तेव्हा कोणी लक्ष द्यायचं का हो?

"चुलता बसायचा की कठड्यावर. इडी वढत. त्यो उठला की समद्यांनी भाईर यायचं. तसा नेमच व्हता."

म्हणजे जीवरक्षक होता तुमच्याकडे, म्हटलं. हेच सभेत सांगाल का?

हसले. "सांगतो की. पण मत पार्किंगलाच हाय. दोन गाड्या हायेत माझ्या."


शनिवार, २७ मे

ताई या आठवड्यात खाली उतरलेली नाही. डॉक्टरांना फोनवर "चालते हो रोज" म्हणून सांगत होती, मी समोर असताना.

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, मला तू एकदा तरी बोल. तुझ्या भाषणामुळे झालं म्हण.

"तुझं म्हणणं खरंच होतं. ती पोर माझ्यासमोर बुडत होती, मला माहितीय." मग वॉकर जवळ ओढत म्हणाली, "उद्या मात्र सावकाश बोल. लोकांना कळेल असं."


रविवार, २८ मे, सकाळ

सभा अकराला. किती जण बाजूने आहेत, माहीत नाही. शलाकाचा निरोप नाही. परांजप्यांनी मला शेवटी बोलायला ठेवलंय, जेवायची वेळ झाल्यावर.

काल रात्रीचा मसुदा फाडला. फार चांगला होता. आता एवढंच बोलायचं:

सभासद हो, मी तुम्हाला तलाव बंद करायला लावला. मला तो सुरक्षित करायला हवा होता. त्या दोन गोष्टींतला फरक मी नीट सांगितला नाही, आणि त्याची झळ माझ्या बहिणीला बसते आहे. ज्यांना भीती वाटते त्यांची भीती खरी आहे. म्हणूनच काठावर माणूस हवा. पार्किंगचा ठराव मतदानाला येण्याआधी मी एक दुरुस्ती मांडते: परवान्याचा अर्ज याच आठवड्यात करायचा आणि जीवरक्षक नेमूनच तलाव उघडायचा. त्या दुरुस्तीसाठी हात वर करा.