उंच गाडी, बसकी गाडी

३ मार्च
सात शहाणे आणि दोन गाड्या! देशभरातल्या पोलिसांनी पुढची दहा वर्षं कोणत्या गाडीतून गस्त घालायची, हे आमची समिती ठरवणार. आज मैदानावर दोन्ही गाड्या उभ्या केल्या होत्या – एक उंच, जीपच्या घाटाची. दुसरी बसकी, साधी. अध्यक्षांनी दारं आपटून आवाज ऐकला. खरेदी अधिकाऱ्याने – मी त्याला ‘माहितीपत्रक’ म्हणतो, कारण तो त्यातूनच बोलतो – कप ठेवायच्या खळग्यात बोट घालून पाहिलं. झाली परीक्षा!

अध्यक्षांना उंच गाडी हवी. का, तर तिचा दरारा वाटतो. दरारा! इतिहासात ज्याला ज्याला लोकांना दाबायचं होतं, त्याने आधी स्वतःसाठी उंच आसन करून घेतलं. मी शिपायांच्या संघटनेचा प्रतिनिधी. तिथल्या तिथे ऐकवलं की पोलिसाने नागरिकाच्या नजरेच्या पातळीवर बसावं; बसकी गाडी हीच लोकशाहीची गाडी. अध्यक्ष रुमालाने चष्मा पुसत राहिले. मेणाचा माणूस.

४ मार्च
माहितीपत्रकाचा फोन. दोन्ही गाड्यांना काचेचं छत नाही, याची त्याला खंत. चोर काय आकाशातून पडणार आहेत? फोन ठेवला.

८ मार्च
लेक जेवायला आली. सहा वर्षं महामार्गाच्या गस्तीवर आहे; गेल्या महिन्यात ज्या चार जणांनी दोन्ही गाड्या चालवून पाहिल्या, त्यांत तीही होती. पानं घेण्याआधीच म्हणाली, उंच गाडीच घ्या. मी विचारलं, तुलाही दराऱ्याची हौस? तर म्हणते, दरारा गेला चुलीत, माझी कंबर गेलीय. बुलेटप्रूफ जाकीट, पट्टा, पिस्तूल, बेड्या, वायरलेस – एवढं सगळं अंगावर घेऊन एका पाळीत चाळीस वेळा वाकून आत शिरायचं, चाळीस वेळा उठून बाहेर यायचं. डॉक्टरांनी सांगितलंय, असंच चाललं तर वर्षभरात टेबलाचं काम मागावं लागेल.

टेबलाला बांधली तर ही पोरगी सुकून जाईल. ते मला कळतं. पण एका कमरेसाठी तत्त्व सोडायचं? मीही बारा वर्षं गस्त घातलीय, असं तिला सुनावलं.

“तुमच्या काळात अंगावर एक शिट्टी असायची, बाबा,” ती म्हणाली.

त्यावर मी अर्धा तास बोललो. बायको मध्येच उठली. सभा संपली की हाक मारा, जेवण परत गरम करते, असं म्हणून आत गेली. लेक माझीच, पण वाचन शून्य!

१२ मार्च
जिंकलो! चार विरुद्ध तीन. समितीतला इंजिनिअर आधी पुटपुटत चाचणीचा अहवाल वाचत होता – चारही चालकांचा कल उंच गाडीकडे वगैरे. मग मी उठलो. “आपण गाडी निवडतोय, सिंहासन नव्हे!” इथे टाळ्या. इंजिनिअरने भीत भीत विचारलं की चालकांना एकदा बोलवून ऐकायचं का. मी म्हटलं, शिपायांचा प्रतिनिधी तुमच्यासमोर उभा आहे, आणखी कोणाला बोलावता? तो खाली बसला. अध्यक्षांनी दोनदा तोंड उघडलं, दोन्ही वेळा मी फट ठेवली नाही. पन्नास मिनिटं. कागद न बघता.

१३ मार्च
अभिनंदनाचे सतरा निरोप. सगळे निवृत्त. खरी कदर जुन्यांनाच! सध्या गस्तीवर असलेल्या एकाचाही नाही – वर्तमानपत्र उघडतील तर ना! लेकीचाही नाही.

१७ मार्च
शुक्रवारी करारावर सह्या. आज वर्तमानपत्रांसाठी फोटो. फोटोग्राफरच्या डोक्यात आलं, शिपायांचा प्रतिनिधी पूर्ण साजासह गाडीत बसलेला हवा. मला कोण हौस! दोघांनी मिळून जाकीट चढवलं, पट्टा आवळला. अकरा किलो, म्हणे.

बसलो म्हणण्यापेक्षा पडलो. गुडघे छातीशी. जाकिटाची खालची कड मांडीवर टेकली आणि वरची गळ्यात रुतली. पट्ट्यावरचं पिस्तूल सीटच्या कडेत अडकलं. फोटो निघाला. उतरा, म्हणाले.

उतरता येईना.

तीनदा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा कोपर लागून भोंगा वाजला आणि सगळं मैदान वळून बघायला लागलं. फोटोग्राफर सभ्यपणे कुंपणाकडे बघत होता. कमरेत अशी कळ आली की शब्द सुचेना – मला! शेवटी अध्यक्ष आले. हात दिला, ओढून काढलं.

“सावकाश,” ते म्हणाले. “मलाही मागच्या महिन्यात असंच काढावं लागलं होतं.”

सगळं अंगावर चढवून ते स्वतः बसून आले होते! मी विचारलं, मग सभेत दरारा दरारा काय लावलं होतं?

“कंबर धरते म्हणून गाडी नको, असं तुमच्यासमोर म्हणालो असतो तर? तुम्ही भर सभेत माझं सालटं काढलं असतं.”

काढलं असतं. कोणत्या शब्दांत, तेही मला तिथल्या तिथे सुचत होतं.

१८ मार्च
अध्यक्षांना फोन केला. सह्या थांबवा, बैठक पुन्हा घ्या, ठराव मी मांडतो. मग लेकीला विचारलं, समितीपुढे येऊन सांगशील का? येते म्हणाली, पण अट घातली – तिची ओळख मी करून द्यायची नाही, आणि तिचं होईपर्यंत तोंड उघडायचं नाही.

बरं म्हटलं. तेवढंच.