पात्यावरचं नाव

बुलढाणा, ३ जानेवारी २०२५

चि. शेषरावास अनेक आशीर्वाद.

फोनवर मी रागवायला लागले की सोनाळ्याची रेंज जाते, म्हणून हे पत्र.

तुझ्या बायकोने, अन्नपूर्णेने कळवलं की परदेशातून पेट्यांत सुटं आलेलं हेलिकॉप्टर तू जोडून पुरं केलंस, आणि सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर शाळेच्या मैदानातून त्यात बसून उडणार आहेस. वय सदुसष्ट, चष्म्याचा नंबर चार. उडवायला शिकवलं कोणी? परवानगीचा कागद आला का? चाळीस वर्षं ट्रॅक्टर दुरुस्त केलेस, मान्य. पण ट्रॅक्टर बंद पडला तर माणूस उतरून बांधावर बसतो. तू कुठे बसणार?

ऑपरेशन थिएटरमध्ये मी तीस वर्षं नर्स होते. भीती नवख्या डॉक्टरांची कधी वाटली नाही. ‘मला सगळं येतं’ म्हणणाऱ्यांची वाटली.

उलट टपाली उत्तर दे, म्हणजे लोभ राहील.

तुझी,
कोकिळाताई

•

सोनाळा, ९ जानेवारी

ती. कोकिळाताईस शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. अन्नपूर्णेने चहा घेता घेता मोठ्याने वाचलं, दोनदा.

शिकायला मी बंगलोरकडे वीस दिवस गेलो होतो. तुला तीर्थयात्रा सांगितली होती, माफ कर. अर्ज करून सात महिने झाले. अजून कोणी नाही म्हटलेलं नाही. यंत्र साखळ्यांनी जमिनीशी बांधून मी अकरा वेळा चालवलं. फक्त गेल्या आठवड्यापासून हातातला दांडा थरथरतो. बेरिंग नवं आहे, बसेल.

आनंदाची गोष्ट अशी की एका पात्यावर सहदेव पेंटरने ‘आईचा आशीर्वाद’ लिहिलं. ट्रॅक्टरवर लिहितो तसंच, पिवळ्यात, लाल सावली देऊन. आई असती तर वाचत उभी राहिली असती. तुझी खुर्ची पहिल्या रांगेत आहे. ये, आणि येताना राग घरी ठेव.

तुझा लाडका, निदान पूर्वी होतो तो,
शेषराव

•

बुलढाणा, १३ जानेवारी

चि. शेषरावास आशीर्वाद. या वेळी मोजून एकच.

थरथर गेल्या आठवड्यापासून, आणि नाव लिहिलं कधी, हे तू शिताफीने गाळलंस. अन्नपूर्णेला विचारलं. तेही गेल्या आठवड्यातच. मला यंत्रातलं कळत नाही, पण घरातल्या पंख्याच्या एका पात्याला मळ चिकटला तरी तो डुगडुगतो. तू एका पात्यावर रंग चढवलास, दुसरं कोरं ठेवलंस. काढून टाक.

आईचं नाव कसं खरवडू, असं तू म्हणशील. अरे, ती माझीही आई होती. तुला बोरीवर चढू देत नव्हती ती. तुला जमत नसेल तर मी येऊन खरवडते. तोवर त्यात बसायचं नाही. ही विनंती नाही.

कोकिळाताई

•

सोनाळा, २७ जानेवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून राग आला होता. आठ दिवस पात्याला हात लावला नाही. परवा दुपारी थिनरचा बोळा घेऊन बसलो. ‘आशीर्वाद’ निघाला. ‘आईचा’ पुसताना रंगाखालून लांबी निघाली. पत्र्यातले खड्डे बुजवायला पेंटर भरतात ती. आणि लांबीखाली चीर. पातं जिथे आसाला जुळतं, तिथेच, बोटभर लांब.

सहदेवला बोलावलं. तो म्हणाला, पेटीतून काढताना ओरखडा पडला असेल, नाव साफ यावं म्हणून बुजवला. बिचारा पांढरा पडला. त्याला काय बोलू? जोडायच्या आधी पातं हाताने चाचपायचं काम माझं होतं. तुझं निदानही चुकलंच, ताई. थरथर रंगाची नव्हती, वाढत चाललेल्या चिरेची होती.

काल सगळं गाव जमलं, संग्रामपूरहूनही माणसं आली. मी माइकवर एवढंच सांगितलं, “पातं चिरलं हाय. आज बसलो असतो तर तुम्ही आता मले गोळा करत राह्यले असते.” मागून कोणीतरी विचारलं, मग आमाले काऊन बलावलं बे. बाकी कोणी हसलं नाही.

नवं पातं मागवणार नाही, असं अन्नपूर्णेला सांगितलंय. तुला खरं लिहितो, मागवणार आहे. पण कागद येईपर्यंत आणि जाणता माणूस येऊन सगळं तपासेपर्यंत बसणार नाही. हे तुला लिहून देतो, जपून ठेव.

अन्नपूर्णा परवापासून माझ्याशी बोलली नव्हती. आज सकाळी भाकर वाढताना तिने माझ्या मनगटाला हात लावला आणि तसाच ठेवला. ताट गार झालं. मी हात सोडवला नाही.

तुझा, जमिनीवरचा,
शेषराव