बारावा हप्ता

१ ऑगस्ट. सकाळ.
आजपासून रोजनिशी. डायरी कॉलेजच्या स्टेशनरीवाल्याने जानेवारीतच दिली होती, फुकट. फुकट मिळालेली वस्तू वाया घालवणं हाही एक खर्चच. हे वाक्य चांगलं झालंय. कुठेतरी वापरायचं.

परिस्थितीचा आढावा. तीन क्रेडिट कार्डं आणि एक पर्सनल लोन, या सगळ्यांची बँकेने मिळून एकच मोट बांधून दिली आहे. दर महिन्याच्या पाच तारखेला साडेअकरा हजार. बायकोच्या, म्हणजे सिद्धेश्वरीच्या, पाटल्या तारण. ओळीने बारा हप्ते वेळेवर गेले की पाटल्या परत, उरलेलं कर्ज तारणाशिवाय चालू. मध्ये एक जरी चुकला तरी मोजणी पुन्हा एकपासून. दहा गेलेत. म्हणजे मी जवळजवळ कर्जमुक्तच आहे. (पुढची चार वर्षं सोडली तर.)

धोरण माझं, अंमलबजावणी सिद्धेश्वरीची. पगार माझ्या खात्यात येतो. ती त्यात हप्त्यापुरते पैसे ठेवते आणि बाकीचे स्वतःच्या खात्यात घेते. माझ्या मोबाईलमधलं पैसे पाठवायचं ॲप तिने काढून टाकलंय. बँकेचे मेसेज तिच्या मोबाईलवर. मला दर सोमवारी खर्ची. मोठमोठे उद्योगपतीही असल्या किरकोळीत लक्ष घालत नाहीत.

चेकबुक मात्र माझ्या कपाटात. ते ती विसरली. मीही विसरलो होतो, आत्ता लिहिताना आठवलं.

४ ऑगस्ट.
संकल्प: बाहेरचा चहा बंद. प्रत्येक रुपया लिहून ठेवायचा.

५ ऑगस्ट.
कालची खर्ची संपली. रुपये लिहून ठेवायला चांगलं पेन घेतलं, त्यात गेली. पेन खरंच चांगलं आहे.

अकरावा हप्ता गेला. बँकेच्या प्रतिक्षा मॅडमनी फोन करून अभिनंदन केलं. सिद्धेश्वरीचं. अभिनंदन माझंच होतं, पण नंबर तिचा दिलाय.

संध्याकाळी अर्धा किलो पेढे आणले. मिठाईवाला ओळखीचा, म्हणाला पैसे सावकाश द्या. संस्कृतीने (नववी, क वर्ग) विचारलं, पप्पा, हे किती महिन्यांत फेडायचे? या पिढीला आनंद साजरा करता येत नाही.

८ ऑगस्ट.
ऑफिसात फी थकवलेल्या विद्यार्थ्यांना नोटिसा काढल्या. अकाउंट सेक्शनमध्ये हे काम माझ्याइतकं कडक कुणाला जमत नाही. शेवटी एक ओळ स्वतःच्या मनाने घातली: ‘आर्थिक शिस्त हाच चारित्र्याचा पाया होय.’ प्राचार्यांनी ती खोडली. बहुतेक त्यांचंही काहीतरी थकलंय.

१० ऑगस्ट. रविवार.
ट्रेडमिलवर पुन्हा कडक भाकऱ्या वाळत घातलेल्या. मी हरकत घेतली. यंत्र बहात्तर हजारांचं आहे. सिद्धेश्वरी म्हणाली, मग तुमी पळा की, मी भाकऱ्या काढते. भाकऱ्या चांगल्या वाळत होत्या, त्यामुळे विषय वाढवला नाही.

सासूबाई मथुराबाई दसऱ्याला मैंदर्गीहून येणार आहेत. पाटल्या त्यांच्या. लेकीच्या लग्नात हातातून काढून दिलेल्या. त्यांना वाटतं, पाटल्या बँकेच्या लॉकरमध्ये आहेत. बँकेतच आहेत, एवढं तरी खरं आहे. सिद्धेश्वरी आज भांडी घासताना रिकामं मनगट चोळत होती. बघवलं नाही. मी हॉलमध्ये आलो आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

१२ ऑगस्ट.
पार्किंगमध्ये येडू भेटला. याचा स्वतःचा टेम्पो आहे, शिवाय आमच्या सोसायटीच्या गणेश मंडळाचा खजिनदार. त्याला वीस मिनिटं कर्जव्यवस्थापन समजावलं. हप्त्याकडे ओझं म्हणून बघायचं नाही, व्यायाम म्हणून बघायचं वगैरे. त्याच्या तोंडात पान असल्यामुळे तो गप्प होता, पण डोळे ऐकत होते.

मला ही देणगी आहे. समजावून सांगण्याची.

१७ ऑगस्ट. रविवार. दुपार.
मोठी घटना! येडू आणि मंडळाचे अध्यक्ष आप्पा (एसटीतून रिटायर) घरी आले. गणपतीत दोन सप्टेंबरला माझं व्याख्यान. विषय ‘कर्जमुक्त जीवन’. प्रमुख पाहुणा मी. मी विचारलं, माझीच निवड का? येडू म्हणाला, तुमच्याकडं टीव्ही आला, ट्रेडमिल आलं, सोफा आला, समदं माज्याच टेम्पोतनं आलं की सर. ज्याच्या दारात इतका माल उतरतो त्याला पैशाचं लई कळत असणार.

तर्क बिनतोड आहे.

ते गेल्यावर सिद्धेश्वरी म्हणाली, बोला खुशाल, पण खिसा घरी ठेवून जावा.

२० ऑगस्ट.
व्याख्यानानंतर लोक भेटायला येणार, हे उघड आहे. म्हणून व्हिजिटिंग कार्डं छापून घेतली. ‘आदिनाथ. कर्जमुक्ती मार्गदर्शक. जुळे सोलापूर.’ पाचशे नग. मागची बाजू कोरी ठेवली, कारण दोन्ही बाजू छापल्या की खर्च वाढतो. काटकसर अशी रक्तात असावी लागते.

छपाईवाल्याला पैसे पुढच्या महिन्यात.

२७ ऑगस्ट.
गणपती बसले. आरतीला चार जणांनी विचारलं, तुमचंच भाषण ना? चौघांनाही कार्ड दिलं.

भाषण तयार. सुरुवातीला फुकट वस्तूचं वाक्य. शेवटी चेकबुक उंच धरून म्हणायचं: मित्रहो, हे शस्त्र म्यानातच ठेवा. आरशासमोर करून पाहिलं. अंगावर काटा आला.

२ सप्टेंबर. रात्री जेवण झाल्यावर.
व्याख्यान झालं. समोर पंधराएक बायका आणि फॅन्सी ड्रेसच्या स्पर्धेला नटून आलेली पोरं. एक पालकाची भाजी झालेला मुलगा मध्येच रडायला लागला, तेवढा व्यत्यय सोडला तर सभा हातात होती. चेकबुकाच्या वाक्याला शांतता पसरली.

मग सत्कार. नारळ आणि चादर. चांगली जड, डबल बेडची. आणि मग आप्पांनी माईक घेतला. म्हणाले, पाहुण्यांनी मंडळाला काहीतरी द्यायची आपल्याकडं पद्धत हाय. गेल्या साली दाताच्या डॉक्टरांनी पाच हजार दिले हुते.

आता सांगा. दाताच्या डॉक्टरपेक्षा आर्थिक मार्गदर्शक कमी कसा देईल? मी अकरा हजार एकशे अकरा म्हणून गेलो. टाळ्या! एवढ्या टाळ्या लग्नातसुद्धा नव्हत्या. चेकबुक हातातच होतं. लिहून दिला.

संस्कृती पहिल्या रांगेत होती. ती टाळ्या वाजवत नव्हती.

काळजीचं कारण नाही. चेक वटायला आठवडा सहज जातो, अकाउंट सेक्शनमध्ये अठरा वर्षं काढली आहेत मी. तोवर पाच तारखेचा हप्ता जाईल. पुढचं पुढे. शिवाय विसर्जनाच्या धांदलीत येडू बँकेत जाणार तरी कधी?

सिद्धेश्वरी आजारी शेजारणीला डबा द्यायला गेली होती, म्हणून भाषणाला नव्हती. तिने विचारलं, कसं झालं? चादर दाखवली.

३ सप्टेंबर.
जिन्यात येडू. म्हणाला, सर, सकाळीच चेक टाकून आलो. डीजेवाल्याला ॲडव्हान्स द्यायचाय की. मी म्हणालो, एवढी घाई कशाला? तो म्हणाला, तुमाला काय सर, तुमी मोठी माणसं, पण तो डीजेवाला लई खडूस हाय.

ऑफिसात नव्या मुलाला सहज विचारलं, चेक वटायला किती दिवस लागतात? म्हणाला, आज टाकला की उद्या. हे केव्हापासून? मला कुणी कळवलं कसं नाही?

जेवण गेलं नाही.

४ सप्टेंबर. दुपार.
सिद्धेश्वरीचा ऑफिसात फोन. एवढंच विचारलं, अकरा हजार एकशे अकरा कुणाला दिले? मी म्हणालो, आवाज तुटतोय. ती म्हणाली, मला नीट येतोय.

४ सप्टेंबर. रात्र.
हे लिहायचं नव्हतं. पण पेन घेतलंय, तर लिहितो.

आरती झाली. मी मांडवाच्या मागच्या बाजूला खोबऱ्याचं ताट धरून उभा होतो. कुणीतरी धरायला हवंच होतं. तेवढ्यात माईकवर सिद्धेश्वरीचा आवाज. आयुष्यात कधी माईक न धरलेली बाई.

म्हणाली, माझं नाव सिद्धेश्वरी, तीनशे चारमध्ये राहते. आमच्यावर कर्ज हाय. कार्डांचं हाय, वस्तूंचं हाय. अकरा हप्ते फेडलेत, बारावा उद्या हाय. उद्याचा चुकला तर वर्षभर केलेलं समदं पाण्यात आणि आईनं दिलेल्या माझ्या पाटल्या बँकेतच. परवा आमच्या यांनी जो चेक दिला, तो त्या हप्त्याचा पैसा हुता. यांनी चोरी केली न्हाय, उत्साह केला. मंडळाला मी एकशे एक देते. बाकीचे परत पायजेत.

मला वाटलं होतं, ती माझं नाव मातीत घालेल. तिने मला पाठीशी घातलं, तेही भर मांडवात, आणि मी ताट धरून लपलो होतो. लाज वाटली. एवढी लाज मला कार्डवाल्यांच्या फोनचीही कधी वाटली नव्हती.

येडू म्हणाला, वैनी, पैशे खात्यात हायत, पण परत दिले तर डीजे न्हाय. पोरांचे चेहरे उतरले. आप्पांनी गणपतीकडे पाहिलं, मग सिद्धेश्वरीकडे. म्हणाले, नगं तो डीजे. लेझीम हाय की आपल्याकडं. येडूने तिथल्या तिथे मोबाईलवरून सगळे पैसे परत टाकले. सिद्धेश्वरीने एकशे एक रुपये नोटांनी दिले, पावती घेतली.

घरी येताना जिन्यात ती म्हणाली, ताट परत द्यायचं राहिलं. खरंच राहिलं होतं.

५ सप्टेंबर.
बारावा हप्ता गेला. सकाळी मेसेज आला, सिद्धेश्वरीने मोबाईल माझ्यासमोर धरला. वाचला. पुन्हा वाचला.

६ सप्टेंबर.
विसर्जन. लेझीम. पोरं फुगून बसली होती, पण आप्पांनी या वयात लेझीम हातात घेतल्यावर त्यांनाही उतरावं लागलं. मी गणपतीचा हातगाडा ढकलला. डीजे माझ्यामुळे गेला, असं दोघं-तिघं माझ्याकडे बघत कुजबुजत होते. एक आजोबा मात्र म्हणाले, यंदा पहिल्यांदा मला आरती ऐकू आली. समाजाला माझं हे योगदान म्हणता येईल.

९ सप्टेंबर.
पाटल्या घरी आल्या. सिद्धेश्वरीने हातात घातल्या, हात वर करून खिडकीच्या उजेडात पाहिलं. मग स्वयंपाक केला, भांडी घासली, सगळं पाटल्या घालूनच. मला भरून आलं. मी तसं तिला सांगितलं. ती म्हणाली, बरं. आणि चेकबुक मागितलं.

दिलं.

११ सप्टेंबर.
छपाईवाला दारात आला. सिद्धेश्वरीने बिल आणि कार्डं दोन्ही पाहिलं, पुष्कळ वेळ. निर्णय: मिठाईवाला आणि छपाईवाला, दोघांचे पैसे माझ्या खर्चीतून, दर सोमवारी थोडे थोडे. एक सोमवार चुकला तर पुढच्या सोमवारची खर्ची पूर्ण बंद. बँकेपेक्षा कडक अटी आहेत.

१४ सप्टेंबर. रविवार. संध्याकाळ.
दुपारी बेल वाजली. दारात येडू आणि त्याची बायको. मागे आप्पा. त्यांच्या मागे दुसऱ्या मजल्यावरचे, ज्यांची नवी कार आहे ते. मी ओळखलं. व्याख्यानाचा परिणाम व्हायला वेळ लागतो. आत जाऊन शर्ट बदलला, कार्डांची गड्डी खिशात घातली, बाहेर आलो.

येडू म्हणाला, सर, वैनी मोकळ्या हायत का?

टेम्पोचे दोन हप्ते थकलेत म्हणाला. आप्पांवर क्रेडिट कार्डांचं कर्ज आहे, मुलाला कळू द्यायचं नाहीये. कारवाले तर बसल्याबरोबर डोळे पुसायला लागले. सोफ्यावर जागा पुरेना, म्हणून सिद्धेश्वरीने सत्काराची चादर खाली अंथरली. माणसं चादरीवर मांडी घालून बसली. ती प्रत्येकाला एकेक विचारत होती. पगार कधी येतो, घरात कुणाला माहीत हाय, बंद काय करता येईल. मध्येच माझ्याकडे हात पुढे केला. लिहायला काहीतरी द्या म्हणाली.

गड्डी दिली. कार्डाच्या कोऱ्या बाजूवर तिने प्रत्येकाची हप्त्याची तारीख लिहून दिली. माझं पेनही तिच्याचकडे होतं. चांगलं चालतं.

येडूने कार्ड उलटं करून माझं नाव वाचलं. मग नीट खिशात ठेवलं.

मी आत जाऊन चहा टाकला. पुढच्या रविवारी आणखी चार घरं येणार आहेत. दूध जास्त लागेल, सिद्धेश्वरीने रोखीनेच आणायला सांगितलंय.