तुरुंगात शिकलेलं ड्रेसिंग

बाई, तुम्ही गेलात त्याला आता इतकी वर्षं झाली की तुमचा दवाखाना कुठं होता हे सांगलीतल्या रिक्षावाल्याला समजावून सांगावं लागतं. परवा तिथून गेलो. खाली मोबाइलचं दुकान आहे, वर मुलांच्या शिकवण्या चालतात. मी पलीकडच्या फुटपाथवर बराच वेळ उभा राहिलो. तेव्हाच ठरवलं, तुम्हाला एकदा लिहायचं.

मी तुरुंगातून सुटलो ते बहात्तरच्या दुष्काळानंतरचं वर्ष. पलूसजवळच्या आमच्या गावात पाण्याच्या पाळीवरून भांडण झालं आणि रागाच्या भरात मी चुलतभावाच्या खांद्यावर खोऱ्याचा दांडा घातला. तो वाचला, पण उजवा हात लुळा पडला. मला शिक्षा झाली. तुरुंगातल्या दवाखान्यात कामाला लावलं, तिथल्या कंपाउंडरनं जखमा धुवायला आणि पट्ट्या बांधायला शिकवलं. माझ्या हातांनी कुणाचं दुखणं कमी होऊ शकतं, हे मला तिथं कळलं. सुटल्यावर हेच काम करायचं ठरवलं, पण "कुठं शिकलात?" म्हटलं की सगळं अडायचं. साताऱ्यात एका डॉक्टरांनी खरं ऐकून घेतलं, चहा पाजला आणि म्हणाले, "माझ्या मनात काही नाही हो, पण पेशंट काय म्हणतील?" दुसरीकडे चहाही मिळाला नाही. सांगलीला यायचं मी टाळत होतो, कारण आमच्या भागातलं आजारी माणूस सांगलीलाच येतं. शेवटी इलाज उरला नाही, म्हणून तुमच्या दारात आलो.

तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून बसला होतात. आधी कुठं काम केलं, विचारलंत. मी सांगितलं. तुरुंगात कशासाठी गेलात? तेही सांगितलं. आता 'पेशंट काय म्हणतील?' हेच येणार, अशी मनाची तयारी केली. तर तुम्ही विचारलंत, "त्या माणसाचा हात आता कसा आहे?"

बाई, कोर्टात, तुरुंगात, घरी, हे मला कुणीच विचारलं नव्हतं. "माहीत नाही," मी म्हणालो.

"माहीत करून घ्या. आणि उद्या सकाळी या. नखं कापून या."

गावात जाऊन ते विचारायची माझी छाती झाली नाही. काम मात्र मन लावून केलं. खाली मान घालून, भिंतीला धरून वावरायचो. एकदा तुम्ही चारचौघांत नाही, स्वयंपाकघरात बोलावून झापलंत. स्टोव्हवर सिरिंजा उकळत होत्या. "पेशंटसमोर असं तोंड करून उभे राहू नका. त्यांना वाटतं, डॉक्टरीण काहीतरी वाईट लपवतेय!" मग स्वतःच हसलात. तुरुंगातून आल्यावर मी पहिल्यांदा हसलो तो त्या दिवशी.

आणि मग गुऱ्हाळं सुरू झाली. सकाळची वेळ, बाकं भरलेली. दारात जीप थांबते आणि माझी चुलती उतरते, जिच्या लेकाचा हात मी घालवला ती काकी. गुळाच्या काहिलीतला उकळता रस पायावर सांडलेला. धाकट्या लेकानं तिला धरलंय. तो मला बघतो आणि ओरडतो, "ह्यो हितं कसा? आवं बाई, ह्यानं माझ्या थोरल्या भावाचा हात घालवलाय. जेलात हुता ह्यो!"

बाकांवरची माणसं उठून उभी राहतात. तुम्ही आतून येता. "मला माहीत आहे," म्हणता. "सांगूनच कामाला लागलेत ते."

"मग हाकला की त्याला!"

"नाही." एवढंच बोलून तुम्ही काकीपुढे जमिनीवर बसता. "मावशी, पाय तुमचा आहे. यांचा हात लागायला नको असेल तर लागणार नाही. रोजचं ड्रेसिंग मी स्वतः करीन. पण यांना मी घालवणार नाही."

काही पेशंट त्या दिवशी उठून गेले ते परत आले नाहीत. सांगलीतली मोठी माणसं तुम्हाला चार शब्द सांगायला आली. तुम्ही त्यांना पाणी दिलंत आणि कामाला लागलात. शब्द पाळलात. दवाखान्याची मालकीण रोज काकीच्या पायाशी बसायची आणि मी पलीकडच्या खोलीत तिचं कण्हणं ऐकायचो.

एका सकाळी तुम्ही एका बाईच्या बाळंतपणात अडकलात. काकी ताटकळली. पडद्याआडून हाक आली, "कुटं हाय रं त्यो? ये, सोड पट्टी. किती येळ बसू?"

मी पट्टी भिजवून सोडवायला लागलो. ती भिंतीकडं बघत होती. धीर करून विचारलं, "काकी, दादाचा हात कसा हाय?"

भिंतीकडं बघतच ती म्हणाली, "खांद्यातनं वर हुत न्हाई. डाव्या हातानं जेवतूय. लेकरू उचलाय येत न्हाई त्याला." मग म्हणाली, "म्या तुला माफ केल्यालं न्हाई. पर हात हळू हाय तुजा. उद्याबी तूच कर."

वळून बघितलं तर पडदा धरून तुम्ही उभ्या, हात अजून ओले. तशाच पुढच्या पेशंटकडं गेलात. दादा स्वतः कधी आला नाही. मी मात्र तुम्ही दवाखाना बंद करेपर्यंत तिथंच राहिलो, आणि पुढं दुसरीकडं काम मागायला गेलो तेव्हा तुमच्याकडं होतो एवढं सांगणं पुरलं.

हे पत्र कपाटातच राहील. पण एक गोष्ट राहिली. त्या दिवशी दारात तुम्ही "मला माहीत आहे" म्हणालात, तेव्हा माझा ऊर वगैरे भरून आला नव्हता. बाई खोटं बोलू देत, ओळखण्यात चूक होतेय म्हणू देत, अशी मी देवाला विनवणी करत होतो. तुम्ही खरं बोललात आणि मला तुमचा राग आला. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी भरून मी एसटी स्टँडवर जाऊन बसलो. साताऱ्याची गाडी सोडली, मग फलटणची सोडली. उन्हं वर आल्यावर दवाखान्यात आलो. "उशीर का?" तुम्ही विचारलंत. सायकल पंक्चर झाली, म्हणालो. मला सायकल नव्हती, बाई. तुम्हाला ते ठाऊक होतं. तरी तुम्ही माझ्या हातातल्या पिशवीकडं एकदा बघितलंत आणि म्हणालात, "बरं. हात धुऊन घ्या."