अर्धी घरपट्टी

लोणावळा, ३ मार्च १९१९

तीर्थस्वरूप हौशीदादा यांस,
कस्तुराचा साष्टांग नमस्कार. वि. वि. तुम्ही शाळामास्तर, पण माझे ऱ्हस्वदीर्घ आज तपासू नका, घाईत लिहिते आहे. घरपट्टी वाढली. ह्यांचा बसऱ्याहून येणारा पगार थांबल्यापासून म्हशीच्या दुधावर आम्ही दोघी सासूसुना कशाबशा जगतो; पट्टी कुठून भरणार? महिनाअखेर जप्ती येईल असं शिपाई बजावून गेला. कारकून म्हणाले, स्वतःच्या घरात राहणाऱ्या विधवेला अर्धी पट्टी माफ होते, तसा अर्ज करा. दादा, मी कसा करू? हे लढाईत आगगाडीच्या कामावर गेले. मेल्याची तार नाही, जिवंत असल्याचं पत्र नाही. घर गेलं तर सासूबाईंना घेऊन कुठं जाऊ?
लोभ कमी करू नका.
कस्तुरा

तळेगाव, ६ मार्च

चि. कस्तुरास,
हौशीरामाचा आशीर्वाद. वि. वि. अर्ज लिहून सोबत पाठवला आहे. पती लढाईत वारले, घर भाड्यानं दिलेलं नाही, अर्जदार स्वतः तिथंच राहते, एवढाच मजकूर. सही कर. लढाई संपून चार महिने झाले, बाळे. येणारे आले. माझ्यावर रागाव, पण घर वाचव. तुझ्या सासूबाईंना, अंबूबाईंना, नमस्कार सांग.
तुझा दादा

लोणावळा, १४ मार्च

तीर्थस्वरूप दादा यांस,
नमस्कार. वि. वि. माझ्या नावामागचं ‘सौ.’ तुम्ही गाळलंत. ते वाचून दोन दिवस जेवले नाही.
काल अर्ज घेऊन कचेरीत गेले. सासूबाई हट्टानं बरोबर आल्या. टाक हातात धरला, पण सही होईना. कारकून ताटकळले. मी रडायला लागले, तेव्हा सासूबाईंनी टाक काढून घेतला नि कारकुनांना म्हणाल्या, घर माज्या लेकाच्या नावावर हाय. त्यो मेला. आई सांगतीया, लिवून घ्या. मीबी रांडवच हाय, त्याच घरात ऱ्हाती. अर्ज माज्या नावानं करा, हिला काय बी इचारू नका.
कारकुनांनी मान खाली घालून नवा अर्ज लिहिला, सासूबाईंचा अंगठा घेतला. साहेबांनी लगेच सूट मंजूर केली, राहिलेली पट्टी हप्त्यांनी घ्यायचं कबूल केलं. जप्ती टळली.
बाहेर आल्यावर सासूबाईंनी मला थांबवलं. म्हणाल्या, म्या घरासाटी खोटं बोलले, तू कुकू पुसायचं न्हाई. माझ्या जिवात जीव आला.
हे गेल्यापासून सासूबाई रोज ह्यांच्या वाटणीची एक भाकरी जास्त थापून शिंक्यात ठेवत. काल त्यांनी दोनच थापल्या. पीठ संपलं का, म्हणून विचारलं. न्हाई म्हणाल्या, आणि कितीतरी वेळ चुलीकडे तोंड करून बसल्या.
दादा, जमेल तितक्या लवकर या. माया असू द्या.
तुमची
कस्तुरा