स्लॅबवरची माती

अण्णा, आज दुपारी नव्या इमारतीच्या गच्चीवर गडी माती पसरत होते. त्यांनी वरून पाणी शिंपडलं आणि तो वास आला. मी कठड्याला टेकून डोळे मिटले, तर खाली पुणं नव्हतंच. आपलं गाव होतं, तामलवाडीच्या अलीकडचं, आणि तुम्ही घराच्या मातीच्या माळवदावर उकिडवे बसून हातानं चिखल थापत होतात. हल्ली लोक मला मानानं बोलावतात. विजेवाचून गार राहणारी, तेच पाणी दोनदा-तीनदा वापरणारी घरं बांधणारा इंजिनिअर म्हणून. हिरवी इमारत म्हणतात त्याला. तुम्ही ऐकून हसला असतात. म्हणाला असतात, "रंग लावून का कुठं गारवा येतोय, बाबा?"

त्या मोठ्या दुष्काळात आई मला बाजेवर बसवून अंघोळ घालायची. बाजेखाली घमेलं. घमेल्यातल्या पाण्यात तुमचं धोतर निघायचं, आणि तेच पाणी मग दारातल्या कडुलिंबाला. मी कुरकुरलो की तुम्ही म्हणायचात, "पान्याला एकाच कामावर सोडू नये." मग मी माळवदाच्या घरात जाऊन आडवा होतो. वर लाकडं, त्यावर लिंबाचा पाला, त्यावर चिखल आणि सगळ्यात वर पांढरी माती, जी थेंबभर पाणी आत येऊ देत नाही. उजेडासाठी ठेवलेल्या भोकातून उन्हाचा एक तुकडा जमिनीवर पडलेला आहे, आणि तो हळूहळू माझ्या पायाकडं सरकतो आहे. बाहेर माणसं होरपळताहेत. मला मात्र अंगावर पांघरूण घ्यावंसं वाटतंय.

दुष्काळ सरला, बऱ्याच वर्षांनी गावात दूध सोसायटी निघाली. मी नुकताच डिप्लोमा होऊन आलो होतो, म्हणून इमारतीचा नकाशा माझ्याकडं आला. पारावर बैठक भरली तेव्हा तुम्ही उभे राहिलात. "दूध ठिवायचं हाय तर माळवद बांधा. वैशाखात बी आत गार ऱ्हातंय." लोक हसले. चेअरमन म्हणाले, "गवंडीमामा, उद्या डेअरीचा सायब आला तर त्येच्यापुढं आमी काय मातीचं घर दावावं?" मग सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणालो, माळवदाचे दिवस संपले, स्लॅबच पाहिजे. भराभर हात वर झाले. सगळ्यांत शेवटी तुमचाही हात वर गेला, कारण बोलणारा तुमचा मुलगा होता.

चैत्र लागला आणि स्लॅब तव्यासारखा तापायला लागला. लाइटचा भरवसा नव्हता, ट्रक यायला दुपार व्हायची. दुधाचे कॅन हौदाच्या पाण्यात उभे असायचे, पण ते पाणीच कोमट. तालुक्याच्या दूध केंद्रावरून नासक्या दुधाचे कॅनच्या कॅन परत यायला लागले. एक-दोन म्हशींवर ज्यांची चूल पेटायची त्या बायका सोसायटीच्या दारात येऊन बोलायच्या, "घरात दूध टिकतंय आन् हितं नासतंय. कसली म्हनायची ही सुधारना?" काहींनी दूध घालणंच बंद केलं. सोसायटी मोडणार, असं गाव उघड बोलायला लागलं. मी घरात तोंडावर टॉवेल टाकून पडून राहायचो. तुम्ही एकदाच बोललात. "तोंड झाकून स्लॅब गार हुत न्हाय. घमेलं घे."

चार दिवस आपण दोघं त्या स्लॅबवर होतो. पाला, चिखल, पांढरी माती. "भार किती पेलंल, तेवढं तुझ्या पुस्तकात बघ," तुम्ही म्हणालात, आणि मी हिशेब करून चार बोटं जाडी सांगितली तेव्हा बोटं लावून तेवढीच थापलीत. समोरासमोरच्या भिंतींत वर दोन झरोके फोडलेत. हौदातून पाण्याला एक दांड खणून तो जनावरं पाणी पितात त्या हाळात सोडलात, म्हणजे हौदात सारखं ताजं पाणी सोडता येईल आणि आधीचं वायाही जाणार नाही. दूध टिकायला लागलं. बायका परत आल्या. इतकं सुख मला पुढं कुठल्याच बांधकामानं दिलं नाही.

पुढं त्र्याण्णवच्या मोठ्या भूकंपात सास्तूरकडची जड माळवदं माणसांवर बसली. ते बघायला तुम्ही नव्हतात, बरं झालं. मी अजून थर पातळच ठेवतो, चार बोटांच्या वर जात नाही. आज गच्चीवर हाताखालच्या मुलीनं विचारलं, "सर, हे तुम्ही कुणाकडून शिकलात?" मी म्हणालो, "अनुभवातून." तेव्हापासून कशात जीव लागत नाही, म्हणून लिहायला बसलो. हे पत्र टाकायला पेटी नाही, आणि असती तरी टाकायला मी धजावलो नसतो.

कारण आपल्यामध्ये तो दिवस आहे, दूध टिकायला लागल्यावर डेअरीचे साहेब सोसायटी बघायला आले तो. चेअरमननी माझ्या गळ्यात हार घातला, सगळी याचीच कल्पना म्हणाले, आणि मी मान खाली घालून तो घेतला. तुम्ही वर कडेची एक भेग लिंपत होतात. साहेबांनी वर बघून विचारलं, "ते कोण?" मी म्हणालो, "गवंडी आहेत आमचे." तुम्हाला ऐकू गेलं. मातीचा हात तसाच कपाळाला लावून तुम्ही साहेबांना रामराम केलात, आणि परत ती भेग लिंपायला लागलात. गवंडी तर तुम्ही होतातच, मी खोटं कुठं बोललो, अशी मनाची समजूत मी इतकी वर्षं घालत आलोय. पण अण्णा, ते गडबडीत तोंडातून गेलं नव्हतं. "माझे वडील" हे शब्द आधी ओठांवर आले होते. ते मी गिळले.